‘एका ओळीच्या सर्टिफिकेटला आठवडा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचे डॉक्युमेंट्स बँकेने नाकारले, डिस्क्रेपन्सी (कागदांतल्या तफावतीची) फी कापली गेली आणि पेमेंट अडकलं, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ऑफिसमधून फोन नीट उचलले गेले नाहीत, तेही व्हायला नको होतं.

पण एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय, “एका ओळीच्या शिपिंग सर्टिफिकेटला आठवडा घालवला, दुसरा एजंट अर्ध्या तासात देतो.” हे वाक्य तसंच सोडून देणं आम्हाला परवडणारं नाही. नवीन पार्टी आधी रिव्ह्यू वाचते आणि मग फोन करायचा की नाही ते ठरवते. म्हणून इथेच, जरा सविस्तर.

तुमच्या एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) ४६ए मधली, म्हणजे लागणाऱ्या कागदांच्या रकान्यातली, मागणी अशी होती: माल ‘कॉन्फरन्स लाइन’च्या जहाजाने रवाना झाला आहे, असं शिपिंग कंपनीचं किंवा तिच्या एजंटचं सर्टिफिकेट. एलसी उघडली तिसऱ्याच देशातल्या ट्रेडरच्या बँकेने आणि माल निघाला अँटवर्पला. सगळी गोम इथे आहे. युरोपियन युनियनच्या बंदरांशी जोडलेल्या मार्गांवर लाइनर कॉन्फरन्स हा प्रकारच १८ ऑक्टोबर २००८ पासून कायद्याने बंद आहे.

कॉन्फरन्स म्हणजे एका मार्गावरच्या लाइन्सनी (शिपिंग कंपन्यांनी) एकत्र बसून भाडं ठरवायचं. १८७५ च्या कलकत्ता कॉन्फरन्सपासून ही पद्धत चालत आली. इतर कुठल्याही धंद्यात याला सरळ कार्टेल म्हटलं असतं, पण युरोपात ४०५६/८६ या नियमाने त्यांना स्पर्धा कायद्यातून सूट होती. २००६ मध्ये १४१९/२००६ या नियमाने ती काढून घेतली आणि आवराआवरीला दोन वर्षं दिली. फार ईस्टर्न फ्रेट कॉन्फरन्स त्याच वेळी गुंडाळली गेली. आज लाइन्सच्या ज्या अलायन्स (युती) दिसतात, त्यांत जहाजावरची जागा वाटून घेतात. भाडं प्रत्येक लाइनने आपलं आपण ठरवायचं असतं. या जागावाटपाला असलेली युरोपची सरसकट सूटही २५ एप्रिल २०२४ ला संपली. करार त्यामुळे आपोआप बेकायदा ठरत नाहीत, पण आपला करार कायद्यात बसतो का हे आता प्रत्येक लाइनला स्वतः तपासावं लागतं. अशा दिवसांत कुठला एजंट ‘आम्ही कॉन्फरन्सचे मेंबर’ असं लेटरहेडवर लिहून सही ठोकेल? मोडीत निघालेल्या सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला मागण्यातला प्रकार आहे हा. बँकांच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये मात्र हा क्लॉज अजून पडून असतो, आणि एलसीचा अर्ज भरणारा त्यावर टिक करून मोकळा होतो.

तुमचा आठवडा कुठे गेला, तर इथे. लाइनच्या डॉक्युमेंटेशन डेस्कने तुमच्या क्लॉजचं वर्डिंग पाहून लगेच नकार दिला. आम्ही ते वर, प्रिन्सिपलच्या (मूळ शिपिंग कंपनीच्या) लीगलकडे पाठवायला लावलं. तिथून जे मंजूर होऊन आलं ते असं: जहाज नियमित लाइनर सेवेतलं आहे, त्याचा क्लास (तांत्रिक तपासणीचा दाखला) आयएसीएस या क्लास देणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेचा आहे, आयएसएम (सुरक्षित संचालनाचं) सर्टिफिकेट चालू आहे आणि पी अँड आय (जहाजमालकाच्या दायित्वाच्या विम्याचं) कव्हर आहे. बी/एल (बिल ऑफ लेडिंग, मालाची जहाजी पावती) नंबर, जहाजाचं नाव आणि व्हॉयेज बी/एलशी ताडून घेतले, कारण यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) च्या कलम १४(डी) प्रमाणे दोन कागदांतला मजकूर शब्दशः एक नसला तरी चालतो, परस्परविरोधी चालत नाही. यापेक्षा चांगलं आणि खरं सर्टिफिकेट त्या मार्गावर कोणालाही मिळालं नसतं. बँकेला ‘कॉन्फरन्स’ शब्द दिसला नाही, तिने डिस्क्रेपन्सी काढली. बँकेचंही चुकलं नाही. ती फक्त कागद बघते.

आता तो अर्ध्या तासवाला एजंट. स्वतःच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप करायला अर्धा तासही लागत नाही. पण एलसीत ‘शिपिंग कंपनी’ लिहिलं असेल तर आयएसबीपी ७४५ (एलसीचे कागद तपासायची बँकांची प्रमाणित पद्धत) च्या ए१९ प्रमाणे सही कॅरियरची (माल नेणाऱ्या कंपनीची), मास्टरची (जहाजाच्या कॅप्टनची) किंवा त्यांचा एजंट म्हणून ओळख दिलेल्या कोणाची तरी लागते. साध्या फॉरवर्डरच्या (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) शिक्क्यावर तेच डॉक्युमेंट पुन्हा डिस्क्रेपंट होतं. ‘अ‍ॅज एजंट फॉर द कॅरियर’ असं खोटंच लिहून दिलं तर कदाचित काउंटरवर निभावेलही, कारण यूसीपीच्या कलम ३४ प्रमाणे मजकूर खरा की खोटा याची जबाबदारी बँक घेत नाही. ती मग सही करणाऱ्यावर आणि ते सादर करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, येते. ते काम आम्ही करत नाही. त्यासाठी एक स्टार मिळत असेल तर मिळू दे.

आणखी एक गोष्ट चारचौघांत लिहायची नव्हती, पण रिव्ह्यूही चारचौघांतच आहे. एलसीची पूर्ण कॉपी आम्ही बुकिंगच्या वेळी मागितली होती. तेव्हा आलं फक्त पहिलं पान. ४६ए आणि ४७ए (जादा अटींचा रकाना) हातात पडले तेव्हा जहाज सुटून गेलं होतं. फील्ड ४८ मध्ये डॉक्युमेंट्स सादर करायला शिपमेंटपासून १५ दिवस होते. एलसी गप्प असती तर नेहमीचे २१ मिळाले असते. हीच कॉपी आधी आली असती तर खरेदीदाराकडून एमटी७०७ ने (एलसीतल्या बदलाच्या बँक-संदेशाने) एक ओळ बदलून घ्यायची होती: ‘कॉन्फरन्स लाइन’ काढा, ‘रेग्युलर लाइनर सर्व्हिस’ घाला. माल जेटीवर असताना खरेदीदार एका ओळीचा बदल सहज मान्य करतो. जहाज सुटल्यावर तोच डिस्काउंट मागायला लागतो.

शिवाय बँकेच्या एमटी७३४ मध्ये (कागद नाकारल्याच्या संदेशात) डिस्क्रेपन्सी दोन आहेत. सर्टिफिकेटची तुम्ही लिहिलीत. दुसरी तुमच्या इन्व्हॉइसवरची आहे: मालाचं वर्णन ४५ए शी (एलसीतल्या मालाच्या वर्णनाशी) जुळत नाही. यूसीपीचं कलम १८(सी) तिथे कडक आहे. इन्व्हॉइस आमच्याकडे बनत नाही. सर्टिफिकेट बँकेला हवं तसं असतं तरी डॉक्युमेंट्स नाकारलेच गेले असते.

सर्टिफिकेटचा चार्ज लाइनचा आहे, तिची पावती बिलाला जोडलेली आहे. त्यावर आमचा एक पैसा नाही.

तुमच्या तक्रारीवरून ऑफिसमध्ये काही सुधारणा करतोय, डॉक्युमेंटेशनचे फोन वेगळे ठेवायचं चाललंय, आणि एलसीची सगळी पानं आल्याशिवाय बुकिंग पुढे न्यायचं नाही असं ठरवलंय.

रिव्ह्यूनंतर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली दुसरी एलसी पाहिली (या वेळी सगळी पानं आली, आभार). पार्टी तीच, क्लॉज तोच, आणि वर ‘कॅरिंग व्हेसल १५ वर्षांपेक्षा जुनं नको’. हा माल ट्रान्सशिपमेंटने, म्हणजे वाटेत जहाज बदलून, जाणार. फीडर (मोठ्या बंदरापर्यंत नेणारं छोटं जहाज) बहुतेक वेळा मदर व्हेसलपेक्षा (पुढच्या मोठ्या जहाजापेक्षा) जुना असतो, आणि लाइन सर्टिफिकेट देईल ते बी/एलच्या ओशन व्हेसलच्या रकान्यातल्या जहाजाचं. प्री-कॅरेजच्या (आधीच्या टप्प्याच्या) रकान्यातल्या फीडरचं देईलच असं नाही. त्यामुळे अमेंडमेंटमध्ये दोन्ही बदल एकदमच मागा: ‘कॉन्फरन्स’च्या जागी ‘रेग्युलर लाइनर सर्व्हिस’ आणि ‘कॅरिंग व्हेसल’च्या जागी ‘ओशन व्हेसल’. मसुदा तुम्हाला ईमेल केला आहे. खरेदीदाराच्या बँकेचा एमटी७०७ आला, तो वाचून तुम्ही मान्य केलात, की त्याच दिवशी बुकिंग टाकतो. तोवर कंटेनर उचलू नका.