मेलेला कोड रॅम खात नाही, डोकं खातो

आमच्या इंजिनिअरिंगच्या जुन्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड पडला, तोच मग मिरजेच्या मावसभावानं पाठवला, आणि काल सकाळी सांगलीत गणपती पेठेजवळ लॅपटॉप रिपेरिंगचं दुकान चालवणाऱ्या मित्रानं पण, खाली "हे खरंय का रे, गिऱ्हाइकं विचारायलीत" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) मेमरी वाटणाऱ्या भागात, म्हणजे अलोकेटरमध्ये, वर्षानुवर्षं मेलेला कोड पडून होता, तो तुमची रॅम खात होता, आता तो काढलाय, त्यामुळं अपडेट मारा, जुना लॅपटॉप डबल फास्ट होईल. एवढी वर्षं कुणाला दिसलं नाही म्हणजे ओपन सोर्सवाले झोपले होते. आणि राहिलेला कचरा, कधीच न येणाऱ्या एररच्या तपासण्या वगैरे, टूल लावून एका दिवसात साफ करता येईल. शेवटी अर्थातच दहा जणांना पाठवा.

मी विश्रामबागेत घरी बसून कर्नलच्या आसपासचंच काम करतो, त्यामुळं "तू सांग की" म्हणून सगळी माझ्यावर ढकलून मोकळी झाली. तर एकेक घेतो.

"मेलेला कोड रॅम खात होता"

मेलेला म्हणजे काय ते आधी बघू. अनरीचेबल कोड म्हणजे जिथं प्रोग्राम कधी पोहोचूच शकत नाही असा. फंक्शनच्या सुरुवातीला "अमुक असेल तर इथूनच परत जा" असं लिहिलंय आणि खाली वीस ओळींनी परत "अमुक असेल तर हे कर" असं लिहिलंय, तर ते खालचं कधी चालणारच नाही. आता गंमत अशी की हे जसं मला दिसतं तसं कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनला चालणारं रूप (बायनरी) बनवणाऱ्या प्रोग्रामला, पण दिसतं, आणि तो ते बायनरीत घालतच नाही. कर्नल ऑप्टिमायझेशन (फालतू काढून कोड आटोपशीर करणं) लावूनच कंपाइल होतो, त्याशिवाय तो नीट बिल्डच होत नाही. म्हणजे जे रॅममध्ये कधी गेलंच नाही ते रॅम खाणार कसं?

पटत नसेल तर करून बघा, मी काल रात्री जेवण झाल्यावर केलं. पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) वाटणाऱ्या फाइलमध्ये एक असं फंक्शन घेतलं की जिथं ऑर्डर, म्हणजे मागणी किती मोठी ते सांगणारा आकडा, शून्याच्या वर असेल तर सुरुवातीलाच रिटर्न होतं, आणि त्याच्या खाली मुद्दाम "ऑर्डर शून्याच्या वर असेल तर" अशी दहा-बारा ओळींची फांदी घातली, आत मेसेज छापायचा, आकडेमोड करायची, सगळं. एकदा फांदीसकट कंपाइल, एकदा फांदीशिवाय. कर्नलसोबतच ब्लोट-ओ-मीटर नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते, ती कंपाइल होऊन निघालेल्या दोन ऑब्जेक्ट फाइली घेऊन कुठलं फंक्शन किती बाइटनी वाढलं-घटलं ते सांगते. उत्तर आलं शून्य. वाढ शून्य, घट शून्य. दोन्ही फाइली शब्दशः सारख्या नव्हत्या, कारण खालच्या वॉर्निंगांमध्ये ओळ नंबर भरलेले असतात आणि माझ्या दहा ओळींनी ते सरकले, पण साइज तीच.

एक कबूल करतो. कंपायलर सहसा एका वेळी एकच फाइल बघतो, त्यामुळं दुसऱ्या फाइलीतल्या फंक्शननं "मी कधीच रिकाम्या हातानं परत येणार नाही" असं वचन दिलेलं असेल तर ते त्याला माहीत नसतं, आणि तिथली फालतू तपासणी बायनरीत राहते. पण ती किती, तर मोजके बाइट. अख्ख्या कर्नलचा कोडच माझ्या मशीनवर 20 एमबीच्या आसपास आहे आणि रॅम 8 जीबी. शिवाय जो कोड फक्त बूट होताना लागतो तो काम झालं की कर्नल स्वतःच रॅममधून काढून टाकतो, बूटच्या लॉगमध्ये "न लागणारी मेमरी मोकळी केली" अशा अर्थाची ओळ दिसते, पुढं केबीचा आकडा. म्हणजे ज्याला काही केबीची पण फिकीर आहे त्यानं मेलेला कोड रॅममध्ये पोसला असेल का, तुम्हीच सांगा.

"डबल फास्ट"

जो चालतच नव्हता तो काढून स्पीड कुठनं येणार. दुकानवाल्या मित्राला सांगितलं, गिऱ्हाइकाची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाक, फरक त्यालाच दिसेल. पुढं जाऊया.

"आता काढला"

इथं फॉरवर्डवाल्यानं दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केलीय. कर्नलमध्ये छोट्या-छोट्या वस्तूंसाठी मेमरी वाटायचे तीन अलोकेटर होते, स्लॅब, स्लॉब आणि स्लब. स्लॅबची मूळ कल्पना जेफ बॉनविकची, 1994 ची, सन कंपनीच्या सोलारिसमधली, तिथनं ती लिनक्समध्ये आली. स्लब 2007 मध्ये ख्रिस्टोफ लॅमेटरनं आणला. स्लॉब अगदी किरकोळ रॅमवाल्या यंत्रांसाठी होता. 2023 मध्ये 6.4 व्हर्जनला स्लॉब गेला, 2024 मध्ये 6.8 ला स्लॅब गेला, आता एकटा स्लब. बातमी खरी आहे, हजारो ओळी गेल्या हेही खरं. पण त्यातला एकही अलोकेटर मेलेला नव्हता. कर्नल बिल्ड करताना तिघांतला एक निवडायचा, बाकीचे दोन त्या बायनरीत येतच नव्हते. म्हणजे ज्याच्या लॅपटॉपात स्लब होता त्याच्या रॅमला स्लॅब गेल्याचा पत्ता पण लागला नाही.

मग काढले कशाला? तर कुठलीही नवी सोय आणायची म्हटलं की ती तिघांत बसवा, तिघांत टेस्ट करा. स्लॉबमुळं तर एक साधी गोष्ट अडून होती, वेगळ्या कॅशमधून (एकाच मापाच्या वस्तूंच्या साठ्यातून) घेतलेली वस्तू केफ्रीनं, म्हणजे मेमरी परत करायच्या नेहमीच्या फंक्शननं, सोडायची मुभा नव्हती, कारण स्लॉबला ती वस्तू किती मोठी ते कळायचं नाही. स्लॉब गेल्यावर ती मुभा मिळाली. फायदा हा असला असतो, काम करणाऱ्या माणसाचा, तुमच्या रॅमचा नव्हे.

"झोपले होते"

अनरीचेबल कोड कुणी अनरीचेबल म्हणून लिहीत नाही हो. लिहिला तेव्हा तो जिवंतच असतो. मग कुणीतरी दुसऱ्या वर्षी वरची एक तपासणी अलीकडं सरकवतो, तिसरा कुणीतरी बोलवणारं फंक्शन बदलतो, आणि खालची फांदी कुणी हात न लावता मरते. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं होती माहितीय ना, जमिनीत खोल खड्डा, वर बारीक तोंड, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची, 2005 च्या पुरात बरीच बाद झाली. आता समजा एखादं पेव बुजलं पण कागदावरच्या नकाशात त्याची खूण तशीच राहिली. जमिनीला त्याचा काही त्रास नाही. त्रास कुणाला, तर नकाशा घेऊन जो नवा माणूस शोधत जाईल त्याला. सोर्स कोड म्हणजे तो नकाशा, बायनरी म्हणजे जमीन. अलोकेटरमध्ये नवा माणूस ती मेलेली फांदी वाचतो, "अरे इथं नल (रिकामं उत्तर) पण येऊ शकतं वाटतं" असं समजतो, आणि तेवढ्यासाठी स्वतःच्या कोडमध्ये आणखी दोन तपासण्या घालून ठेवतो, त्या पण मेलेल्याच जन्माला येतात. मी स्वतः एकदा असली एक फांदी समजून घ्यायला अख्खा शनिवार घालवलाय आणि संध्याकाळी कळलं की तिथं कुणी जाऊच शकत नाही. बायको म्हणाली, मग दिवसभर काय केलंस? काय सांगणार.

"कधीच न येणाऱ्या एररच्या तपासण्या काढा"

हा मुद्दा सगळ्यात घातकी, म्हणून जरा थांबतो.

येत नाही आणि येऊच शकत नाही, ह्यात फरक आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 चा पूर बघून लोक म्हणायचे की ह्याच्यावर पाणी जात नाही, आणि 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं. "जात नाही" हा अनुभव होता, नियम नव्हता.

कर्नलमध्ये पण नेमकं असंच एक प्रकरण आहे. मेमरी पानांमध्ये वाटतात, एक पान साधारणपणे 4 केबीचं. मागणी 8 पानांपर्यंत, म्हणजे 32 केबीपर्यंत असेल, आणि मागणारा थांबायला तयार असेल, तर अलोकेटर सहसा नाही म्हणतच नाही. फिरून फिरून प्रयत्न करतो, अगदीच नडलं तर एखादी प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारून जागा करतो. हे नियम म्हणून कुणी जाहीर केलेलं नव्हतं, वागणूक तशी होती. 2014 च्या डिसेंबरात ह्याच्यावर मोठी चर्चा झाली, तेव्हा फाइलसिस्टिमवाले (डिस्कवर फाइली ठेवणारा भाग लिहिणारे) चांगलेच वैतागले, कारण ते बिचारे वर्षानुवर्षं "मेमरी नाही मिळाली तर असं मागं फिरायचं" असा कोड काळजीनं लिहीत होते आणि तो जवळपास कधी चालतच नव्हता. आता फॉरवर्डवाला म्हणेल, मग काढा की. पण ज्या प्रोसेसला मारायचं ठरलंय तिचीच मागणी असेल तर नकार येऊ शकतो, उद्या वागणूक बदलली तरी येऊ शकतो. ती तपासणी अनरीचेबल नाही, नुसती क्वचित चालणारी आहे. आणि क्वचित चालते म्हणूनच तिच्यात बग साठतात, त्यासाठी कर्नलमध्ये मुद्दाम खोटा नकार द्यायची सोय केलीय, फॉल्ट इंजेक्शन म्हणतात त्याला, ती चालू केली की अलोकेटर मधूनच "नाही" म्हणतो आणि तुमचा एररवाला रस्ता चालतो का ते कळतं. ज्या रस्त्यावरनं अशी गाडी घालता येते तो रस्ता मेलेला कसा?

ह्याच्या उलट, नोफेल नावाचा फ्लॅग (मागणीसोबतची खूण) लावून मागणी केली तर अलोकेटर वचनच देतो की कितीही वेळ लागू दे, नकार येणार नाही, आणि डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की नकार तपासण्यात अर्थ नाही. अट एवढीच की मागणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. मेमपूलचं, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या मेमरीच्या साठ्याचं, पण तसंच, झोपायची (थांबायची) मुभा देऊन मागितलं तर ते रिकामं परत येत नाही. तिथली नल तपासणी खरीच अनरीचेबल, ती खुशाल काढा, मी पण काढल्यात. दिसायला दोन्ही तपासण्या अगदी सेम, तीच दोन ओळींची. कुठली कुठली हे ओळखायला अलोकेटर आतून वाचावा लागतो.

"टूल लावून एका दिवसात"

टूल आहेतच, मी रोज वापरतो. कॉक्सिनेल नावाचं एक चांगलं आहे, केफ्रीला नल दिलं तरी चालतं हे त्याला माहितीय म्हणून "नल नसेल तरच केफ्री कर" असलं ते पटापट शोधून देतं. पण शोधणं वेगळं आणि काढणं वेगळं. एक तर कर्नल एक नसतो, माझ्या मशीनवर नुमा (मेमरी अनेक प्रोसेसरांत वाटलेल्या मोठ्या मशीनांसाठीची सोय) बंद असेल तर जी फांदी मेलेली दिसते ती मोठ्या सर्व्हरवर रोज चालते. दुसरं, कधीकधी "इथं पोहोचताच येत नाही" हाच आजार असतो. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या फोनांत जो सिक्युरिटीचा भोक सापडला त्यात "गोटू फेल" (म्हणजे थेट शेवटी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती, दुसरी विनाअट चालायची, त्यामुळं खालची सही तपासणारी पायरी अनरीचेबल झाली आणि तपासणी न होताच "सगळं ठीक" असं उत्तर जायला लागलं. तिथं टूलनं मेलेला कोड म्हणून ती तपासणीच साफ केली असती तर? काढायची होती ती वरची ओळ.

तिसरं तर कर्नलमध्येच घडलंय, 2009 साली, टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे खालच्या ओळीत तपासलं होतं. कंपायलर म्हणाला, वापरला म्हणजे नल नसणारच, मग खालची तपासणी अनरीचेबल, आणि उडवली. माणसाची चूक होतीच, पण ती तपासणी राहिली असती तर निदान मशीन हातातनं गेलं नसतं, त्या फटीतनं रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवून दाखवलं लोकांनी. तेव्हापासून कर्नल बिल्ड करताना कंपायलरला बजावून सांगितलं जातं की नलच्या तपासण्या असल्या कारणानं उडवायच्या नाहीत.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर एका सीनिअरनं लगेच दुसरं टोक गाठलं, "म्हणूनच चाललंय तर हात लावू नये". सर, तसंही नाही. 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल ह्या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीच्या सर्व्हरवर 2003 पासून न वापरलेला कोड पडून होता, जुना फ्लॅग नव्या कामाला घेतला, 8 पैकी एका सर्व्हरवर नवं व्हर्जन टाकायचं राहिलं, आणि तिथं तो जुना कोड जागा होऊन 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर बुडाले. तो कोड मेलेला नव्हताच, निजलेला होता.

आणि काढलेलं परत लागलं तर काय, ह्याची धास्ती नको, कर्नलचा 2005 पासूनचा सगळा इतिहास गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) आहे. खरी मेहनत पॅचसोबतच्या (पाठवलेल्या बदलासोबतच्या) चिठ्ठीत जाते. परवाच्या माझ्या पॅचमध्ये ओळी गेल्या सहा, आणि ही फांदी कुठल्या वर्षीच्या कुठल्या बदलामुळं मेली, कुठल्या कुठल्या कॉन्फिगवर बघितलं, हे सांगायला चिठ्ठी झाली तेवीस ओळींची. अजून रिव्ह्यूमध्येच आहे, कुणीतरी विचारलंय की 32 बिटवर बघितलंस का. बघितलं नव्हतं. आता आज रात्री तेच बिल्ड लावून झोपणार आहे, लाइट गेली नाही तर.