औषधाचा शेवटचा डोस सोडू नका

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीवरचा तुमचा लेख वाचला. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठीचा, कॅन्सर व्हायला बहुधा १० वर्षं तरी लागतात, हे त्यात नीट सांगितलंय. पण कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघण्याआधी, पोट साफ करण्याच्या तयारीला एकच ओळ मिळाली, ते खटकलं. मी पोट साफ करायच्या औषधाचा शेवटचा डोस अर्धवट सोडला, आतडं नीट साफ झालं नाही आणि कोलोनोस्कोपी पुन्हा करावी लागली. दुसऱ्या खेपेला मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चपटा पॉलिप सापडला. स्क्रीनवर मला तो दिसतच नव्हता. वरचा पिवळट, चिकट थर पाण्याने धुतल्यावर कडा उमटल्या. तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढला, दुखलं अजिबात नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, तपासणी करतात. हेही लेखात हवं होतं.