वॉर्मर १५ मिनिटांत बंद का होतो? एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार का दिलात ते तुम्ही मुद्देसूद लिहिलंय, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाळ तीन आठवड्यांचं आहे, रात्री दहाला बनवलेली बाटली पहाटे चारपर्यंत गरम राहावी म्हणून वॉर्मर घेतला, पण तो १५ मिनिटांत आपोआप बंद होतो. सोबतच्या पुस्तिकेत नुसतं ‘हे करू नका, ते फेकून द्या’. दूध पाजायचंय की प्रयोगशाळा चालवायचीय, कळत नाही. पुस्तिका ७० अंशांचं पाणी घ्या म्हणते, बाळाच्या दुधाच्या पावडरचा (फॉर्म्युलाचा) डबा म्हणतो कोमट घ्या. उरलेलं दूध फेकायला सांगणं म्हणजे पावडर खपवायची युक्ती. आणि वॉर्मरच्या तळाला पांढरा थर बसतो. हे बाकीचे आईबाबाही वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॉर्मर बिघडलेला नाही. तो १५ मिनिटांनी बंद व्हावा असाच बनवलाय. रात्रभर बाटली कोमट ठेवणारं यंत्र बनवणं काही अवघड नाही, टायमर काढून टाकला की झालं. मागणीही त्याचीच जास्त येते. तरी आम्ही ते बनवत नाही आणि बनवणारही नाही, कारण बनवलेलं दूध तासन्‌तास कोमट ठेवण्याइतकी धोक्याची गोष्ट बाटलीच्या सगळ्या कामात दुसरी नसेल.

पावडर स्वच्छ असते, पण निर्जंतुक नसते. हे कुठल्याही कंपनीच्या डब्याला लागू आहे. शिवाय डबा उघडल्यावर चमचा, हात, ओटा यांच्यामार्फतही जंतू आत जाऊ शकतात. त्यातला सगळ्यात काळजीचा म्हणजे क्रोनोबॅक्टर. कोरड्या पावडरमध्ये तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरतो. वाढायला त्याला ओलावा आणि ऊब लागते, म्हणजे नेमकं कोमट दूध. ३७ अंशांच्या आसपास तो साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. आता तुमच्याच बाटलीचा हिशेब करू. रात्री दहा ते पहाटे चार म्हणजे सहा तास, म्हणजे १८ वेळा दुप्पट. एकाचे अडीच लाखांहून जास्त. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात सुरुवातीचा काही वेळ जंतूंना रुळायला लागतो. पण म्हणून बाटली सहा तास उबेत ठेवावी असं निघत नाही.

असा संसर्ग क्वचित होतो, तेव्हा उगाच धास्ती घेऊ नका. पण दोन महिन्यांच्या आतल्या, वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला झाला, तर तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत याच जंतूच्या संशयावरून पावडरचे डबे मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावे लागले होते. तुमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे, म्हणून एवढं लिहिलं.

१५ मिनिटांचा आकडाही आमच्या मनाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००७ मध्ये पावडरचं दूध सुरक्षितपणे कसं बनवावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फ्रिजमधली बाटली गरम करायला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, असं त्यात म्हटलंय. तोच टायमर आम्ही बसवला.

आता ७० अंश. हीही त्याच मार्गदर्शक तत्त्वांमधली सूचना: पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात मिसळावी, म्हणजे पावडरमधले जंतू तिथेच मरतात. पाणी उकळून गार केलेलं असलं की भागतं, असा पुष्कळ जणांचा समज असतो. पण उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात. पावडरमधले मारायचे तर पाणी पावडरला भेटताना गरम हवं. थर्मामीटर नसला तरी चालतं. किटलीत लिटरभर पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. लिटरभरच का, तर कपभर पाणी अर्ध्या तासात ७० च्या खूप खाली गेलेलं असतं.

डबे मात्र बऱ्याचदा ४०-५० अंशांचं पाणी सांगतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यालाही कारणं आहेत. फार गरम पाण्याने भाजण्याची भीती असते, क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, आणि काही पावडरींमध्ये मुद्दाम घातलेले उपयोगी जंतू ७० अंशांना टिकत नाहीत. तुमच्या बाळाच्या वयाला आमचं मत ७० अंशांच्याच बाजूचं आहे. पण आम्ही वॉर्मर बनवणारे, डॉक्टर नव्हे. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तसं करा, विशेषतः त्यांनीच एखादी खास पावडर लिहून दिली असेल तर. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर तयार द्रवरूप फॉर्म्युलाबद्दलही विचारा. बंद बाटलीतला तो फॉर्म्युला निर्जंतुक असतो. उघडल्यावर अर्थात त्यालाही वेळेची मर्यादा आलीच.

मग रात्रीचं काय? तुमचा खरा प्रश्न हा आहे, आणि पुस्तिकेतल्या ‘नका’च्या गर्दीत त्याचं उत्तर शेवटच्या पानावर आहे, तेव्हा इथे नीट सांगतो. रात्रभर गरम ठेवायचंय ते पाणी, दूध नव्हे. झोपण्याआधी पाणी उकळा आणि उकळतं असतानाच चांगल्या, स्वच्छ थर्मॉसमध्ये काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. थर्मॉस अर्धा भरला तर पाणी लवकर निवतं. पूर्ण भरला तर कित्येक तास ७० च्या वर राहतं. शेजारी निर्जंतुक केलेल्या दोन-तीन बाटल्या टोपण लावून ठेवा, आणि एकेका वेळची पावडर मोजून कोरड्या, निर्जंतुक डब्यांत. गुंगीत चमचे मोजणं हा चुकीला हमखास वाव आहे. दुसरा चमचा होता की तिसरा, रात्री तीनला कुणालाच सांगता येत नाही.

बाळ चुळबुळ करायला लागलं, तोंड इकडेतिकडे वळवायला लागलं, की उठा. रडण्याची वाट पाहू नका, तेवढीच मिनिटं हाताशी येतात. हात धुवा, बाटलीत आधी पाणी खुणेपर्यंत घ्या, मग पावडर घाला, टोपण लावून हलवा. हलवताना बाटलीवर कापड धरा, पाणी भाजण्याइतकं गरम असतं. मग बाटली नळाच्या धारेखाली किंवा थंड पाण्याच्या भांड्यात धरा, पाण्याची पातळी टोपणाच्या खाली राहील अशी, आणि मधूनमधून फिरवत राहा. नवजात बाळाच्या मापाची बाटली म्हणजे थोडंसंच दूध, ते निवायला फार वेळ लागत नाही. बाहेरची काच किंवा प्लास्टिक गार लागलं तरी आतलं दूध गरम असू शकतं, म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचाच. तो जाणवला नाही पाहिजे, ना गरम, ना गार.

आता आमच्या धंद्याच्या विरोधात जाणारं एक वाक्य लिहितो. अशी ताजी बाटली बनवत असाल तर तुम्हाला वॉर्मरची गरजच नाही, कारण तिथे दूध गार करायचं असतं. वॉर्मर कामाला येतो तो दुसऱ्या पद्धतीत. त्या पद्धतीत संध्याकाळीच गरम पाण्याने एकेका वेळेपुरत्या बाटल्या बनवायच्या, थंड पाण्यात धरून पटकन निववायच्या आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायच्या. दारात नको, मागच्या बाजूला, जिथे तापमान ५ अंशांच्या वर जात नाही. २४ तासांत त्या संपवायच्या किंवा फेकायच्या. रात्री एक काढून वॉर्मरमध्ये ठेवलीत की १५ मिनिटांच्या आत ती तयार होते. दोन्हींत ताजी बाटली जास्त सुरक्षित. पण घरात रात्री उठणारं माणूस एकटंच असेल, टाके दुखत असतील, तर फ्रिजची पद्धत वापरण्यात काही वावगं नाही. मायक्रोवेव्ह मात्र नको. दूध कुठे थंड आणि कुठे चटका बसेल इतकं गरम होतं, आणि बाटली हाताला साधीच लागते. हेही सांगून ठेवतो की दूध कोमटच हवं असं आरोग्याच्या दृष्टीने काही नाही. बाळ फ्रिजमधलं दूध तसंच पीत असेल तर पिऊ द्या.

उरलेल्या दुधाबद्दल. आम्ही पावडर विकत नाही, त्यामुळे तुम्ही किती फेकता त्यावर आमची कमाई ठरत नाही. बाळाने एकदा निपल तोंडात घेतलं की त्याची लाळ बाटलीत जाते आणि जंतूंची वाढ सुरू होते. म्हणून पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभराने जे उरेल ते टाकायचं, पुन्हा गरम करून द्यायचं नाही. तोंड न लावलेली बाटलीही बाहेर राहिली तर दोन तासांची धनी. फेकाफेक टाळायचा उपाय म्हणजे छोटी बाटली. पहिल्या काही दिवसांत बाळ एका वेळी ३० ते ६० मिली दूध घेतं, पुढे हळूहळू वाढतं. १२० मिली बनवून अर्धं ओतण्यापेक्षा ६० बनवा आणि आणखी मागितलं तर परत बनवा. थर्मॉस शेजारी आहेच.

वाचवण्याच्या नादात दूध पातळ मात्र करू नका. पाणी जास्त झालं तर बाळाचं वजन वाढत नाही, रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. पावडर जास्त झाली तर बाळाच्या शरीरातलं पाणी कमी पडतं. चमचा त्याच डब्यातला वापरा, कारण काही डब्यांचा चमचा ३० मिली पाण्याला असतो, काहींचा ६० ला. दाबून भरू नका, शीग काढून टाका.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की फॉर्म्युला देते म्हणून सगळे ऐकवतात, आणि त्यात आमच्या पुस्तिकेची भर. आईचं दूध बाळासाठी उत्तम, हे तुम्हाला एव्हाना शंभर जणांनी सांगून झालं असेल. तुम्ही फॉर्म्युला का देता याची कैफियत तुम्ही कुणाला, निदान आम्हाला तरी, द्यायची गरज नाही.

पांढरा थर हा पाण्यातल्या क्षारांचा आहे, त्याने बाळाला काही होत नाही, पण वॉर्मर हळू तापायला लागतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तळ बुडेल इतकं ओता, अर्धा तास राहू द्या, ओतून टाका आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. वॉर्मर चालू करून व्हिनेगर तापवायचं नाही.

एवढं वाचूनही रात्रभर गरम ठेवणारंच यंत्र हवं असेल, तर हा वॉर्मर तुमच्या कामाचा नाही. वापरलेला असला, खोका फाडलेला असला, तरी आम्ही परत घेऊ. ऑर्डरच्या पानावर परतीची विनंती टाका, कारणाच्या रकान्यात ‘टायमर’ एवढं लिहा, पुढचे प्रश्न कुणी विचारणार नाही. थर्मॉसची पद्धत करून बघायची असेल आणि कुठे अडलं तर त्याच पानावरून मेसेज करा.