‘त्यांचा विश्वास थंड पडलाय’ हे ठरवलं कुणी?

नाशिकमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंत, प्रोटेस्टंट असोत की कॅथलिक, सगळ्यांकडे तो पोचलाय. त्याचा मथितार्थ असा: जे रविवारी चर्चला येत नाहीत त्यांचा विश्वास थंड पडलाय. ‘वेळ मिळत नाही’ हे निमित्त आहे. ‘चर्चमधली माणसं ढोंगी आहेत’ हा बहाणा आहे. मोबाइलवर उपासना बघणारे आळशी आहेत. अशांच्या मागे मंडळीने धावू नये, पायाची धूळ झटकावी आणि पुढे जावं. खाली ‘आमेन’ची रांग लागलेली. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती माणसंही याच गटांत आहेत. ती वाचतात आणि गप्प राहतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

थंड विश्वासाचं आधी. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला या. मुंबई-वसईहून गाड्या भरभरून लोक येतात, मेणबत्ती हातात धरून उन्हात रांग लावतात. त्यांतल्या अनेकांचं आपापल्या चर्चमध्ये वर्षभर दर्शन होत नाही. पण आजारी लेकरासाठी रांगेत ताटकळणाऱ्या बाईचा विश्वास थंड आहे, असं तिच्या तोंडावर कोण म्हणेल? संदेशात बायबलमधल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातलं 10:25 हे वचन दिलंय, की एकत्र मिळणं सोडू नका. हे वचन मलाही मान्य आहे. मंडळीशिवाय विश्वास एकटा पडतो, हे मी मनापासून मानतो. पण त्याच्या आधीचं वचन एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यायला सांगतं. आणि पुढे 32 ते 34 वाचलं की कळतं, हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांनी चारचौघांत अपमान सोसला होता, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. मार खाल्लेल्या माणसांना धीर देण्यासाठी लिहिलेलं वचन आपण हजेरी घ्यायला वापरतोय.

वेळेचा मुद्दा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात आणि सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. एमपीएससीच्या परीक्षा रविवारी असतात. आपल्या कितीतरी घरांत नर्स आहेत. त्यांतली एक माझ्या माहितीतली. रात्रपाळी संपवून, युनिफॉर्म पिशवीत कोंबून ती थेट साडेआठच्या उपासनेला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. एकदा उपदेशात तिला डुलकी लागली. बाहेर पडताना एकाने सगळ्यांदेखत विचारलं, “सिस्टर, झोपायलाच यायचं तर घरी काय वाईट?” त्यानंतर ती आली नाही. मंडळीतली माणसं आता पाथर्डी फाटा, आडगाव, जेलरोडपर्यंत पांगलीत, पण उपासनेची वेळ आजोबांच्या काळातली. संध्याकाळी एक दुसरी उपासना ठेवून पाहावी, एवढं तरी आपण केलंय का?

आता ढोंगीपणाचा ‘बहाणा’. या शब्दाने मला सगळ्यात जास्त दुखावलं. आमच्या नात्यातल्या एका मावशींचे यजमान वारले. प्रेत अजून घरात होतं, बायका रडत होत्या, आणि चर्चच्या कमिटीचा माणूस खाटेच्या कडेला पावतीपुस्तक उघडून बसला. तीन वर्षांची वर्गणी थकलेली. ती भरल्याशिवाय दफनभूमीत जागा मिळणार नाही म्हणाला. मावशींच्या धाकट्या दिराने शेजाऱ्याकडून उसने आणून पैसे दिले. पावती फाडली गेली, मग पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन झाला. मावशी आजही पहाटे उठून बायबल वाचतात. चर्चच्या फाटकाशी मात्र त्यांचे पाय अडतात. याला बहाणा म्हणायचं?

सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी बसवणं, हे याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पाप म्हणूनच सांगितलंय. आपल्याकडे ते याच रूपात दिसतं असं नाही. लग्न जुळवताना ‘मूळचे कुठले’, म्हणजे आधीची जात कुठली, असं हळूच विचारलं जातं. कमिटीच्या निवडणुकीत गट पडतात, भांडणं कोर्टात जातात, आणि तेच दोन्ही गट रविवारी प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, एका रांगेत उभे राहतात. तरुण पोरं हे बघतात. ती देवाला कंटाळली आहेत असं मला वाटत नाही.

एका कारणाचा तर संदेशात उल्लेखच नाही, कारण आपण ते उघड बोलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही, त्यामुळे पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी ख्रिस्ती भावाला हा पेच येत नाही. पण शहरातला एखादा बाप लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी चर्चच्या नोंदवहीत नाव घालत नाही, फोटोत येत नाही, हळूहळू यायचाच बंद होतो. घरी दार लावून प्रार्थना करतो. त्याने काय करावं यावर मतभेद असू शकतात. पण त्याच्या गळ्याला बसलेला फास ज्यांनी कधी अनुभवला नाही, त्यांनी त्याला थंड म्हणू नये.

मोबाइलबद्दल थोडक्यात. कोरोनात प्रार्थनास्थळं बंद झाली, 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली, पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. त्या काळात मोबाइलवर उपासना आपणच पोचवली. गुडघे गेलेल्या आजीला तीच सोय आजही लागते. तिला बोल लावण्यापेक्षा तिच्यासाठी रिक्षा कोण करेल ते ठरवा.

राहिली पायाची धूळ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातली ती सूचना गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांना होती, जिथे कुणी स्वीकारणार नाही अशा घरांविषयी आणि गावांविषयी. आपल्यातून दूर गेलेल्या माणसासाठी त्याच शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय आहे: नव्याण्णव मेंढरं ठेवून एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात, येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी त्याचा शिष्य थोमा बाकीच्या शिष्यांत गैरहजर होता. कुठे होता, का नव्हता, योहानाने लिहिलेलं नाही. बाकीच्यांनी त्याला गाठून सांगितलं, त्याने तोंडावर ‘मी विश्वास ठेवणार नाही’ म्हटलं. तरी आठ दिवसांनी तो त्याच बंद दारांच्या आत, त्यांच्यातच होता. प्रभू आला तेव्हा त्याला तिथेच भेटला.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, इथल्याच जलालपूरच्या. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या बरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळं एका दिवसात सुटलं नाही. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या वर्षांत त्यांच्या नावावर काट मारली असती तर मराठी ख्रिस्ती समाज किती गरीब राहिला असता! आणि टिळकांनी 1917 साली मिशनचं काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा मेळावा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली.

तेव्हा संदेश पुढे ढकलण्याआधी आपल्या मंडळीतली न दिसणारी पाच नावं आठवा. दोघं-दोघं जा. पत्रक नेऊ नका, पावतीपुस्तक तर नकोच. ‘का येत नाही?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. चहा घ्या, ते बोलतील ते ऐका, मधे बोलू नका. आणि त्यांनी मंडळीवर काही आरोप केला तर तो कमिटीच्या पुढच्या बैठकीत, त्यांचं नाव न घेता, जसाच्या तसा मांडा.