अंडं नको, पण कोंबडी आवर

परसात चार कोंबड्या पाळाव्यात असं मनात आलंय? मग कोणाचं ऐकू नका. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांचं तर मुळीच नाही. ती माणसं फार कडवट झालेली असतात. मी पुणं सोडून चिपळूणजवळच्या गावी आलो, त्याला तीन वर्षं झाली. माझ्यावर विश्वास ठेवा. मी अजून पूर्ण कडवट झालेलो नाही.

सुरुवात खुराड्यापासून करा. आमच्या शेजारच्या काकी संध्याकाळी कोंबड्यांवर डालगं पालथं घालतात आणि वर एक दगड ठेवतात. तुम्ही असलं काही करू नका, आपण शिकलेली माणसं. जांभ्याचा चौथरा बांधा, वर कौलं घाला, आत सुबक दांडी बसवा. मला 11,000 रुपये खर्च आला. पहिल्या रात्री सगळा कळप आंब्यावर जाऊन बसला. आपण खाली बॅटरी घेऊन उभं राहायचं आणि शेजाऱ्यांना सांगायचं, "सवय होईल हळूहळू."

पिल्लं घ्यायची ती टोपलीवाल्याकडून. गुलाबी, हिरवी, जांभळी, मुलांना फार आवडतात. "सगळ्या तलंगा आहेत साहेब," म्हणजे सगळ्या माद्याच, असं तो सांगेल. अंड्यांच्या जातीत नर कोणालाच नको असतात, म्हणून हॅचरीतून बाहेर काढलेली नर पिल्लं रंगवून विकायची, असा तो धंदा आहे. महिन्याभरात नवी पिसं येतात, रंग जातो आणि गळे फुटू लागतात. माझे आठच्या आठ कोंबडे निघाले. त्या वर्षी आमच्या वाडीची गटारी फार थाटात झाली, मी मात्र वरणभात खाल्ला. नावं ठेवलेली होती ना त्यांची.

नंतर बाजारातून सात गावरान पिल्लं आणली. सहा माद्या आणि एक नर, म्हणजे प्रमाण सुधारलं. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. खरं आहे. पण मग पहाटे साडेतीनला तुम्हाला उठवणार कोण? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढंच आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. जपानातल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली उरलेली बाजूही दाखवून दिली. दिवसरात्र मंद उजेडातच ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या वेळेआधीच आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. तेव्हा त्याच्यावर पोतं टाकणं, कांबळं टाकणं, घमेलं पालथं घालणं हे सगळं व्यर्थ आहे. मी तिन्ही करून पाहिलंय.

आता लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आला की कळप एका आठवड्यात साफ होतो, म्हणून पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा. सोपं आहे. फक्त मला कुपी मिळाली ती शंभर मात्रांची. ती बर्फात घालून आणायची, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. सात पिल्लांना सात थेंब घातल्यावर हातात त्र्याण्णव मात्रा, मांडीवर वितळणारा बर्फ आणि समोर अख्खी वाडी. मग काय, दारोदार हिंडायचं. "काकू, पिल्लं आहेत का हो?" माणसांच्या पोलिओच्या मोहिमेला तरी सरकारचा फलक असतो. एका घरी मला कसलातरी एजंट समजून दारातूनच परत पाठवलं, तर दुसऱ्या घरी चहा मिळाला पण पिल्लं नव्हती. त्या दुपारी एकंदर एकोणतीस पिल्लांना थेंब गेला. उरलेली लस उकळून खड्ड्यात पुरली. एवढा लोकसंग्रह करण्याची संधी दुसऱ्या कुठल्या छंदात मिळते?

बागेची चिंता सोडा. कोथिंबीर, मेथी, वांग्याची रोपं यांचा प्रश्न एका सकाळीत मिटतो. मिरची तरी राहील, असं मला वाटलं होतं. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे ज्ञान मला वाफ्याच्या काठावर उभं असताना झालं. वाफा आपला असला तर ठीक. माझ्या कोंबड्यांनी काकींचा उकरला.

लहानपणी मुंगूस दिसलं की आपण ओरडायचो, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ." त्याचं तोंड पाहणं शुभ. आता रोज दिसतं. दोन तलंगा गेल्या तेव्हाही स्पष्ट दिसलं होतं, गडग्यावर, शपथ न घालता.

पण या सगळ्याहून मोठा योग म्हणजे खुडूक कोंबडी. आमची मैना चैत्रात खुडूक बसली. अंगावरची पिसं फुगवलेली, डोळे स्थिर, जवळ गेलं की घशातून करकर. खाली अंडं एकही नाही, एक कांदा होता. या अवस्थेत ती अंडी देत नाही, खायला जेमतेम उठते आणि पोटाखालची जागा गरम ठेवते. उठवायचं असेल तर गावात उपाय पुष्कळ. थंड पाण्यात बुडवा, पाय बांधा, नाकपुडीत पीस खोवा. मला पीस खोवणं जमेना, म्हणून बादलीत बुडवली. ती ओली होऊन पुन्हा कांद्यावर बसली. शेवटी हार मानून मी कांदा काढला आणि खाली नऊ अंडी ठेवली. एकवीस दिवस! कॅलेंडरवर रोज फुली मारत होतो, विजा चमकल्या तेव्हा काकींच्या सांगण्यावरून शेजारी कोळसाही ठेवला. सोळाव्या दिवशी मैना उठली, अंग झटकलं आणि दाणे टिपायला निघून गेली. परत बसली नाही. मी ती अंडी दोन तास टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो, हे घरात कोणाला सांगू नका.

हिशेब ठेवा, मी ठेवतो. पहिल्या वर्षी खुराडं 11,000, मुंगसानंतर जाळी 2,300, खाद्य 5,900, लस, औषधं आणि बर्फ 650, काकींच्या वांग्याच्या रोपांची भरपाई 150. एकूण 20,000 रुपये. अंडी 250. म्हणजे अंड्याला 80 रुपये. पण चव! पाहुण्यांना ते पिवळंजर्द बलक दाखवताना 80 रुपये काहीच वाटत नाहीत.

डिसेंबरात अंडी थांबली. नीट अंडी द्यायला कोंबडीला दिवसाचे चौदा-सोळा तास उजेड लागतो, आणि थंडीत आपल्याकडे दिवस अकरा तासांवर येतो. मी खुराड्यात दिवा लावला. त्याचं वीजबिल वरच्या हिशेबात नाही. तरी अंडं नाही. पुण्याचे पाहुणे यायचे होते, म्हणून गुपचूप काकींकडून पंधरा रुपयांना एक, अशी डझनभर घेतली आणि आमच्याच मैनेची म्हणून वाढली.

दुसऱ्या दिवशी आणखी सहा घ्यायला गेलो. काकी पडवीतल्या गवताच्या भाऱ्यामागे हात घालून एकेक काढत होत्या.

"कोणती कोंबडी हो तुमची ही?" मी विचारलं.

"माझी कसली? तुझीच की रे ती मैना. दिवाळीपासून इथंच घालते." त्यांनी पैसे कनवटीला लावले. "पंधरातले दहा अंड्याचे. पाच माझ्या पडवीचं भाडं."