‘एवढीशी नदी’ कुशावती: एका प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण गोव्यातल्या कुशावती नदीच्या काठी एकेकाळी राजधानी होती आणि त्याच काठी उसगाळीमळला कातळावर कोरलेली वीस हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर कुडचड्याहून आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “मार्चात गुडघाभर पाणी असलेल्या ओहोळाच्या काठी राजधानी कोण थाटतो? आणि उसगाळीमळची चित्रं वीस हजार वर्षांची, हे कुणी मोजलं?” असे तुमचे दोन सवाल. वर “गोंयकारांना स्वतःची पाठ थोपटायची भारी हौस” हा टोमणा. टोमण्याचं राहू द्या, थोडाफार खराही असेल.

दुसरा सवाल आधी घेतो, कारण तिथे मी चुकलो. कोळसा किंवा हाड सापडलं तर त्याचं वय काढता येतं. उघड्या जांभ्यावर नुसती रेघ कोरलेली असेल तर मोजणार काय? १९९३ साली ही चित्रं अभ्यासकांच्या नजरेत आली. तेव्हापासून जे आकडे फिरतात ते चित्रांच्या धाटणीवरून बांधलेले अंदाज आहेत आणि एकमेकांत हजारो वर्षांचं अंतर आहे. मी त्यातला सगळ्यांत मोठा उचलला, कारण तो भारदस्त वाटला. लेखातून तो काढून टाकलाय.

पण तुम्ही तिथे गेला होतात ते भर दुपारी, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. “काही धड दिसलं नाही” म्हणता, ते त्यामुळे. ऊन डोक्यावर असलं की सगळा कातळ सपाट होतो. सकाळी तिरप्या उन्हात जा. खाचांमध्ये सावली भरते आणि पायाखाली बैलाचं वशिंड उठतं, मग मोर, मग तो गोल गोल चक्रव्यूह. नदी तिथून हाकेच्या अंतरावर. हे गुराख्यांनी कोरलंय, असं जुनी माणसं सांगायची. आपण शिकलेले लोक त्यावर हसतो. मला ते अगदीच हसण्यावारी नेण्याजोगं वाटत नाही. रोज गुरं पाण्यावर नेणारा माणूसच बैलाची पाठ इतकी नेमकी काढील.

आता राजधानी. शिरोड्याला सापडलेला भोज घराण्यातल्या देवराज राजाचा ताम्रपट चंद्रपुराहून दिलेला आहे. अक्षरांच्या वळणावरून तो चौथ्या शतकाच्या आसपासचा मानतात. (हाही धाटणीवरून काढलेला अंदाजच, पण अक्षरांची वळणं कातळावरच्या बैलापेक्षा जास्त बोलकी असतात.) चंद्रपूर म्हणजे आपलं चांदर. १९२९ साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी तिथे खणून शिवमंदिराचा पाया उघडा केला. मुंडकं नसलेला नंदी अजून तिथे कोटात, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या जागेत, आहे. त्यामुळे राजधानी होती की नव्हती, हा वाद मी घालणार नाही.

‘एवढ्याशा नदीवर का’ हा तुमचा मुद्दा मात्र मला आवडला. तुम्ही मार्चातली नदी मोजलीत. जुलैत हीच कुशावती पारोड्याचा रस्ता पाण्याखाली घालते, बस अडते, आपण शिव्या देतो. आणि तेच पाणी काठच्या शेतांत गाळ टाकून जातं. भात पिकलं तर राजाचं कोठार भरणार. खाली ती जुवारीला मिळते, म्हणजे होडीला समुद्रापर्यंत वाट आहे. मोठं गलबत मात्र आत शिरत नाही, आणि शत्रूचंही शिरत नाही. चौथ्या शतकातल्या राजाला याहून जास्त काय हवं होतं?

पुढे इथे राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचा दर्यावरचा व्यापार वाढला तेव्हा हीच सोय अडचण झाली. अकराव्या शतकात त्यांनी राजधानी जुवारीच्या रुंद मुखाकडे गोपकपट्टणाला (आजच्या गोवा वेल्हा भागात) नेली, जिथे जहाजं लागत. म्हणजे नदी अपुरी आहे हे तुमचं म्हणणं कदंबांनाही पटलं होतं. तुमचा सवाल बरोबर, फक्त सात शतकं लवकर विचारलात.

कार्निव्हालच्या दिवसांत चांदरला एकदा या. कोटातले ख्रिस्ती गांवकार हातात मुसळं घेऊन जमिनीवर ठोके देत मुसळ-खेळ खेळतात आणि गाण्यात हरिहराचं नाव घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, “हरिहर म्हणजे कोण?” तो म्हणाला, “आमचो जुनो राजा.” आणि पुढच्या ठोक्याला मान डोलवायला लागला.

गुडघाभर पाण्याचं म्हणाल तर मीही ते पाहिलंय. रिवणच्या वर चपला हातात धरून पलीकडे गेलोय. तुम्ही जाल तर मार्चातच जा.