टाइमलाइन अडकते म्हणून लगेच नवं कार्ड घेऊ नका

व्हिडिओ एडिटर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. कधी पोस्ट, कधी रील. शब्द बदलतात, मुद्दे तेच. टाइमलाइन, म्हणजे क्लिप लावून एडिट करायची पट्टी, प्ले करताना अडकत असेल तर ग्राफिक्स कार्ड बदला, रॅम वाढवा. आवाज ओठांच्या मागे-पुढे होत असेल तर तो सॉफ्टवेअरचा बग आहे, दुसरं सॉफ्टवेअर धरा. प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी बनवलेली मूळ फाइलची हलकी प्रत, वापरू नका, फायनलची क्वालिटी जाते. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, अर्ध्यात बंद पडत असेल तर विंडोज फॉरमॅट मारा आणि सगळं नव्याने टाका. ऐन लग्नसराईत हे वाचून लोक हप्त्यावर कार्ड घेतात, आणि त्याच क्लिपवर टाइमलाइन पुन्हा तशीच अडकते. याचा मला मनापासून राग येतो, कारण यात पैसा जातो तो छोट्या स्टुडिओवाल्याचा.

आधी कार्डाचा मुद्दा, कारण खर्च तिथेच होतो. कॅमेऱ्यातून येणारी एच.264 किंवा एच.265 फॉरमॅटची फाइल कमी जागेत मावावी म्हणून बनवलेली असते. तिच्यात अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण असते. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे: आजची बाकी काढायची तर मागच्या बेरजेपासूनच्या सगळ्या नोंदी जुळवत यावं लागतं. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची सरकती रेघ, मागे ओढला की सॉफ्टवेअरला दर वेळी हेच करावं लागतं. ॲपलचं प्रोरेस किंवा ॲव्हिडचं डीएनएक्सएचआर या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. म्हणून फाइल कितीतरी पट मोठी असूनही टाइमलाइन सुरळीत चालते.

आता कार्ड यात नेमकं काय करतं? कलर करेक्शन, ब्लर, स्केलिंग, नॉइज काढणं ही कामं कार्डाचा मुख्य भाग करतो. फाइल उलगडण्याचं, म्हणजे डिकोडचं काम कार्डातला एक वेगळा छोटा भाग करतो, आणि त्याला ठरावीक फॉरमॅटच कळतात. यादीत नसलेला फॉरमॅट आला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 40 मालिकेपर्यंतच्या एकाही कार्डावर 4:2:2, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या फुटेजच्या हार्डवेअर डिकोडची सोय नव्हती. ती आरटीएक्स 50 मालिकेत, 2025 साली आली. आणि सोनी ए7-फोर असो की कॅननचा आर6, लॉगमध्ये (रंग नंतर बसवता यावेत म्हणून फिकट ठेवलेल्या चित्रात) शूट करणारे लोक 10-बिट 4:2:2 सर्रास वापरतात. म्हणजे आरटीएक्स 3060 काढून 4070 टाकलं, तरी त्या क्लिपच्या डिकोडमध्ये काडीचाही फरक पडत नाही.

हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. क्लिप टाइमलाइनवर टाका, एकही इफेक्ट लावू नका, प्ले करा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्सचं पान उघडा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा वेगळा आलेख असतो. तो शून्याला चिकटलेला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर अडचण फॉरमॅटची आहे, कार्डाच्या ताकदीची नाही. दुकानदार सहसा सांगत नाहीत अशी आणखी एक गोष्ट: इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांमध्ये जे अंगचे ग्राफिक्स असतात, त्यांना एच.265चं 10-बिट 4:2:2 उलगडता येतं. पण पीसी जोडून देताना ‘कार्ड आहेच की’ म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला, थोडा स्वस्त प्रोसेसर बसवला जातो. त्या ‘एफ’चा अर्थच असा, की अंगचे ग्राफिक्स नाहीत. थोडे पैसे वाचतात आणि एडिटिंगसाठी सगळ्यात उपयोगी भाग हातचा जातो.

रॅमबद्दलचा सल्ला तेवढा अर्धा खरा आहे. प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणारी ॲडोबी स्वतः एचडीसाठी 16 जीबी आणि 4केसाठी 32 जीबी सुचवते. आठ जीबीवर 4के रेटत असाल तर रॅम जरूर वाढवा. पण 32ची 64 केल्याने एच.265 मऊ होत नाही.

आवाज सरकण्याचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यापायी लोक वर्षानुवर्षं हाताला बसलेलं सॉफ्टवेअर सोडतात. समजा, फोनवर घेतलेली चाळीस मिनिटांची मुलाखत आहे. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, दहाव्या मिनिटाला काहीतरी खटकतं, शेवटी तर माणूस बोलून गप्प झाल्यावर वाक्य ऐकू येतं. आधी हे बघा, की फरक कसा वाढतोय. पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर फक्त सिंक चुकलंय. क्लिप सरकवा, काम झालं. फरक एकसारखा वाढत जात असेल तर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, घोळ आहे. 29.97चं फुटेज कुठेतरी 30 धरलं गेलं तर तासाला 3.6 सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे दहा मिनिटांत 0.6 सेकंद, 25च्या टाइमलाइनवर तब्बल 15 फ्रेम. आणि फरक कधी वाढतो, कधी कमी होतो, असं असेल तर क्लिपचा फ्रेम रेटच स्थिर नाही. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यांत हे नेहमीचं आहे; उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो.

मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिप टाका आणि ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळ वाचा. ‘व्हेरिएबल’ असेल तर हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेम रेटची फाइल बनवा आणि मगच एडिटला घ्या. प्रीमिअरमध्ये अशा क्लिपसाठी आवाजाचं सिंक राखण्याची सेटिंग आहे, पण मोठ्या क्लिपला आधीच बदललेली फाइल भरवशाची. सॉफ्टवेअर बदलल्याने फाइलमधला वेळ बदलत नाही. तीच क्लिप दाविंची रिझॉल्व्हमध्ये टाकली तरी मूळ दुखणं तिच्यातच राहतं. बाहेरच्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर दोन उपकरणांची घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि लांब भाषणात काही फ्रेमचा फरक पडतोच. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे टाळी वाजवून ठेवावी. दोन टाळ्या जुळतील इतका आवाज ताणला की झालं.

प्रॉक्सीने क्वालिटी जाते, हे तर सरळ चूक. प्रीमिअर प्रॉक्सी फक्त एडिट करताना दाखवतं आणि एक्स्पोर्टला मूळ फाइलवर जातं. त्यासाठी वेगळं काही सांगावं लागत नाही. ॲपलच्या फायनल कटमध्ये मात्र व्ह्यूअर प्रॉक्सीवर ठेवून शेअर, म्हणजे एक्स्पोर्ट केलं तर प्रॉक्सीतूनच फाइल निघते, म्हणून तिथे आधी मूळ मीडियावर यायचं. जागेचं म्हणाल तर 25 फ्रेमच्या एचडी प्रोरेस प्रॉक्सीला सेकंदाला 38 मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला साधारण 17 जीबी.

एक्स्पोर्ट अडकलं म्हणून विंडोज फॉरमॅट मारणं हा या सल्ल्यातला सगळ्यात नुकसानीचा भाग. प्रीसेट जातात, प्लगइनची लायसन्स पुन्हा मागावी लागतात, फाँट जातात आणि जुने प्रोजेक्ट अर्धवट उघडतात. त्यापेक्षा एरर कुठल्या टाइमकोडवर, म्हणजे व्हिडिओतल्या कुठल्या वेळेला आलाय ते वाचा. बहुतेक वेळा तिथे एखादी खराब क्लिप किंवा एखादा प्लगइन असतो. टाइमकोड दिला नसेल तर टाइमलाइनचा आधी पहिला अर्धा भाग एक्स्पोर्ट करून पाहा, मग दुसरा. जो अडकतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का ते पाहा, कारण मीडिया कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइलींचा साठा, बहुधा तिथेच साठतो. तो प्रीमिअरमधूनच साफ करा. पुन्हा बनतो, प्रोजेक्टला धक्का लागत नाही. तरीही नाही जमलं तर हार्डवेअर एन्कोडिंगऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंग, म्हणजे फाइल प्रोसेसरकडून बनवून घेणं, निवडा. वेळ लागेल, पण फाइल हातात येण्याची शक्यता बरीच वाढते.

ओघात एक सांगतो. मराठी टायटलमधली जोडाक्षरं तुटतात तेव्हाही असाच विंडोज फॉरमॅट मारण्याचा सल्ला मिळतो. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय आहे. तो निवडा आणि युनिकोड फाँट वापरा.

मग नवं मशीन घ्यायचं कधी? एका मिनिटाच्या फुटेजची एचडी प्रॉक्सी बनवा, एसएसडीवर ठेवा, नेहमीचे इफेक्ट लावून प्ले करा. प्रॉक्सीवर इफेक्टशिवाय सुरळीत आणि इफेक्ट लावल्यावर अडकत असेल, तर कार्ड खरंच कमी पडतंय आणि तिथे खर्च केलेला पैसा सत्कारणी लागेल. प्रॉक्सी नुसतीच अडकत असेल तर आधी डिस्क तपासा, मग रॅम आणि प्रोसेसर. आणि दुकानात जाताना मीडियाइन्फोचा स्क्रीनशॉट सोबत न्या, म्हणजे ‘कुठलं कार्ड देऊ’ यापेक्षा ‘हा फॉरमॅट कशावर डिकोड होतो’ हा प्रश्न आधी विचारता येईल.